मापावरची धार

दि. ४ ऑक्टोबर, शनिवार

मी, केरबा ज्ञानू शेळके, वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण मराठी चौथी उत्तीर्ण, धंदा म्हशी पाळून दूध विकण्याचा व तो आता सुनेच्या हाती दिलेला, राहणार कोल्हापूर, आज नवी वही सुरू करताना लिहितो की माझी दृष्टी चष्म्यासह शाबूत आहे, स्मरण ठीक आहे, आणि पुढे जे लिहीन ते डोळ्यांनी पाहिलेले किंवा कानांनी ऐकलेले असेल. ऐकीव असेल तेथे ऐकीव असे म्हणेन.

अशी सुरुवात करण्याची सवय पंचनाम्यांमुळे लागली. गल्लीत चोरी होवो, भिंत पडो, सरकारी माणूस प्रथम माझ्या दारात येतो. न पाहिलेल्या गोष्टीखाली मी आजवर सही केलेली नाही. चौथी शिकलेल्या माणसाच्या सहीला किंमत येते ती अशी.

आजची हकीकत. संध्याकाळी घरापुढच्या दुधाच्या कट्ट्यावर सून शालन ही चिमणीची धार काढत होती. चिमणी ही आमची म्हैस. रेडकू असताना नाव ठेवले, तेव्हा शोभत होते. गिऱ्हाईक ग्लास घेऊन उभे राहते, शालन थेट त्यात धार सोडते. चार-पाच दिवसांपासून एक अनोळखी बाई रांगेत येत आहेत. वय पन्नाशीचे, पोशाख साधा, चप्पल नवी. ग्लास घेऊन बाजूला जातात, पिशवीतून रेघा मारलेली काचेची नळी काढतात, दूध त्यात ओततात, पाहतात, परत ग्लासात ओततात आणि मग पितात.

माझी खात्री झाली की बाई वजनमापे तपासणाऱ्या आहेत. शालनला बोलावून सांगितले, उद्यापासून माप म्हणजे माप. वरची धार बंद.

येथे नोंद करून ठेवतो. आमच्याकडे ग्लास भरतो, फेस खाली बसतो, मग माप पुरे करून देतात. त्यानंतरही गिऱ्हाईक हात मागे घेत नाही व एक धार वर सोडली जाते. ती वरची धार. तिचे पैसे नाहीत. कोणी मागत नाही, कोणी नको म्हणत नाही.

शालन म्हणाली, "आबा, कमी दिलं तर सायेब रागावतोय. जास्त दिल्यावर कशाला रागवंल?"

मी सांगितले, चूक ती चूक. कमी काय, जास्त काय.

दि. ६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागरी

आज दुधाला मागणी. माप ग्लासाच्या रेघेवर, थेंब इकडे-तिकडे नाही. मी स्वतः खुर्ची टाकून बसलो होतो.

गिऱ्हाईक नाराज. एक जण भरलेला ग्लास पुढे धरून उभाच राहिला. "काय ओ आबा, म्हस आटली का तुमचा हात आटला?" दुसरा म्हणाला, "म्हाताऱ्याला वर जाताना संगं न्यायचं असंल."  बाईंनी नळीत दूध ओतले, पाहिले, पुन्हा पाहिले. माझ्याकडेही पाहिले. मला समाधान वाटले.

तेवढ्यात आमचा भाडेकरू दिनकर हुपरीहून मोटारसायकलवर आला. त्याचा धंदा तराजू-काट्यांच्या दुरुस्तीचा. हुपरीत घरोघर चांदीचे पैंजण घडवतात, तेथले नाजूक काटे हाच जुळवून देतो. मागच्या खोलीत बरीच वर्षे राहतो. एकटा, निर्व्यसनी, भाडे वेळेवर. गाव चंदगडकडचे असे सांगतो. ऐकीव.

त्याने गाडी लावली. रांगेकडे पाहिले, ग्लासांकडे पाहिले, त्या बाईंकडे पाहिले. मग माझ्याजवळ येऊन हळू विचारले, "आबा, वरची धार कुठं गेली?"

मी म्हटले, तपासणी आहे, शिस्तीत घेतले.

तो तसाच खोलीत गेला. हत्यारांची पिशवी गाडीलाच राहिली.

दि. ७ ऑक्टोबर, मंगळवार

दिनकर आज कामाला गेला नाही. शालनने भाकरी नेऊन ठेवली, तशीच होती. दुपारी मी गेलो. जमिनीवर बसला होता. मी पायरीवर बसलो. पुढील संभाषण जसे झाले तसे.

"आबा, त्या बाई माप खात्याच्या न्हाईत. माझ्या हापिसच्या हाईत."

तुझे कसले ऑफिस, असे मी विचारले.

"मी चंदगडचा न्हाय, आबा."

मी सांगितले की ते मला माहीत आहे. चंदगडचा माणूस सणाला गावी जाऊन येतो आणि येताना काजू आणतो. तू कधी आणले नाहीस. पण न विचारलेले बोलू नये, म्हणून बोललो नाही.

तो हसला. नंतर म्हणाला, "मी हितलाच न्हाय. ह्या पृथ्वीवरचा न्हाय. लांबनं आलोय. तुम्ही कसं राहता ते बघायला मला ठेवलंय. नुसतं बघायचं, कळू द्यायचं न्हाय."

मी म्हटले, पंच म्हणून प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी हे मानणार नाही.

त्याने शर्ट काढला. मी पाहणी केली ती येणेप्रमाणे. छातीस उजव्या व डाव्या अंगाला कान लावला. ठोका नाही. आत मधाच्या पोळ्यासारखी एकसारखी घुमघुम. मनगटास नाडी नाही. नाकाशी सूत धरले, बराच वेळ धरले. सूत हलले नाही. अंग मात्र उबदार, नुकत्याच काढलेल्या दुधाइतके.

"भ्या वाटतंय का, आबा?"

मी त्याला शर्ट घालण्यास सांगितले, वारे लागेल म्हणून. ज्याच्या नाकाशी सूत हलत नाही त्याला वारे कसले लागणार, हे नंतर लक्षात आले.

दि. ८ ऑक्टोबर, बुधवार

काय लिहावे. सकाळी तो नेहमीप्रमाणे चिमणीला पाणी दाखवत होता. ती त्याच्या खांद्यावर मान घासत होती. तिला पहिल्यापासून माहीत असावे. तिने कधी हरकत घेतली नाही.

दि. ९ ऑक्टोबर, गुरुवार

आज सर्व खुलासा करून घेतला. तो असा.

दिनकर जे पाहतो ते त्याच्या आत साठते आणि वर पोहोचते. हुपरीतून त्याने कळवले की ही माणसे चांदी शेवटच्या कणापर्यंत तोलतात, भट्टीखालची धूळसुद्धा झाडून ठेवतात. कोल्हापुरातून कळवले की हीच माणसे दूध मापतात आणि माप पुरे झाल्यावर पुन्हा ओततात, रोज, दर ग्लासाला. वरच्यांनी म्हटले, दोन्ही खरे असणार नाही. ज्याला मापता येते तो मापाबाहेर का देईल? तेव्हा मापात चूक नसून बघणाऱ्यात चूक आहे. आमचा माणूस बिघडला.

म्हणून बाईंना पाठवले. बाईंनी स्वतः मोजले. पहिले चार-पाच दिवस त्यांनाही वरची धार मिळाली, तेव्हा त्यांना वाटले असेल की काहीतरी आहे. आणि मग मी खुर्ची टाकून बसलो, आणि माप रेघेवर आले. आता बाईंपुढे सरळ आहे की आधीचे काही दिवस हात चुकला असेल, खरे माप ते हेच, आणि दिनकर इतकी वर्षे खोटे कळवत आला.

मी विचारले, बिघडला असे ठरले तर काय करतात.

"धुतात," तो म्हणाला.

म्हणजे काय, असे विचारता त्याने दुधाच्या किटलीकडे बोट केले. कढत पाणी आणि सोडा घालून आपण ती विसळतो तसे. आतले सर्व जाते. पाहिलेले सर्व रद्द. किटली राहते, पुन्हा दुसरीकडे वापरतात.

"मग मला चिमणी आठवणार न्हाय. तुम्ही न्हाय. ह्या गल्लीकडं कुणी बघितलंच न्हवतं असं हुईल."

हे सर्व माझ्या शिस्तीमुळे.

एक वाट आहे असे तो म्हणाला. त्यांच्या कायद्यात जागच्या माणसाची साक्ष चालते, स्वतःच्या हाताने लिहिलेली. बाईंना ती मागता येते. पण साक्षीत, माप झाल्यावर तुम्ही वर का ओतता, हे हवे.

मी म्हटले, लिहितो. लेखणी घेतली. आणि मला कारण सांगता येईना.

दि. १० ऑक्टोबर, शुक्रवार

कारणाची चौकशी केली. दिनकरचे मूळ प्रकरण कोणास न सांगता.

शालन : "बरं दिसतंय का नुसतं माप घालून? तोंडावर दार लावल्यागत."

मी म्हटले, बरे दिसत नाही हे कारण नव्हे. ती म्हणाली, "मग तुम्हीच सांगा की. मला सासूबाईंनी न्हाय शिकवलं, तुम्हीच शिकवलंय." खरे आहे. लग्न होऊन आली तेव्हा मीच तिला म्हटले होते की हात एवढ्यावर थांबवू नये. का थांबवू नये ते तेव्हाही सांगितले नव्हते.

कोपऱ्यावर हौसाबाई भाजी विकतात. वय माझ्याएवढेच, तोंड माझ्यापेक्षा मोठे. मेथी तोलून झाल्यावर त्या कोथिंबिरीच्या काड्या व दोन मिरच्या वर टाकतात. त्यांना विचारले, हे कशासाठी.

"नको असंल तर काढून ठेवा."

मी म्हटले, नको नाही, कारण विचारतो.

"आबा, आज गोळी घ्यायची राहिलीया का?"

एक-दोन गिऱ्हाइकांस विचारले. एकाने सांगितले की उद्या परत यावे म्हणून देतात. परंतु एस.टी. स्टँडवर ज्याचे तोंड पुन्हा दिसणार नाही त्यालाही चणेवाला चार दाणे वर घालतोच. सबब हे कारण टिकत नाही. दुसऱ्याने सांगितले, फेसाची भरपाई. तेही टिकत नाही. फेस बसल्यावर माप पुरे होते, त्यानंतरची ही धार.

वडिलांचा हात आठवला. माप कलते करून रिकामे करत, मग तेच माप पुन्हा भांड्यात बुडवून पुढे. तोंडाने काही बोलत नसत. मीही कधी विचारले नाही.

दि. १२ ऑक्टोबर, रविवार

शालनला सांगितले की वरची धार पुन्हा सुरू करावी. तिने माझ्याकडे असे पाहिले की मी वर्तमानपत्र उघडले. गिऱ्हाइकांनी टोमणे मारले. "सरकार बदललं जणू."

बाई आल्या. त्यांनाही वरची धार मिळाली. त्यांनी नळी काढलीसुद्धा नाही. पिऊन झाल्यावर माझ्या खुर्चीपाशी येऊन उभ्या राहिल्या. भाषा अगदी शुद्ध, बातम्या देतात तशी.

"आपणास दिनकर यांनी सांगितले आहे."

मी होय म्हटले. खोटे बोलण्याचा प्रश्न नव्हता.

"मग आजचे मोजमाप मी धरू शकत नाही. मी पाहत आहे हे माहीत असलेल्याने केलेली गोष्ट ही गोष्ट नव्हे."

 माझाही नियम हाच. साहेब यायच्या आधी झाडून घेतलेल्या जागेचा पंचनामा मी कधी केला नाही. एकदा दुकानदाराने चोरीनंतर कुलूप बदलून ठेवले होते, तेव्हा मी सही न करता परत आलो होतो. बाई म्हणतात ते बरोबर आहे, आणि ते बरोबर आहे म्हणूनच दिनकर बुडतो.

मी एवढेच म्हटले की कोजागरीचे मोजमापही मग धरू नये, कारण तेही मी माहीत असूनच केले होते. उलट्या बाजूने.

बाईंनी रिकामा ग्लास खाली ठेवला. "हे मी नोंदवते," म्हणाल्या. "मला जेथे कोणी ओळखत नाही अशा जागी पाहावे लागेल."

कोठे जावे ते मी सुचवले नाही. साक्षीदार पढवणे होईल.

शालनने विचारले, "त्या बाईचा आणि दिनकरभाऊंचा काय मामला हाय? परवाना काढून घ्यायला आल्यात का त्येंचा?" मी म्हटले, तसेच काहीसे. हे पूर्ण खरे नाही, परंतु पूर्ण खोटेही नाही. ती मात्र चिडली आहे. "काटे नीट करून देणाऱ्या माणसाचा परवाना काढत्यात. येऊ देत परत, माप काय असतंय ते दावते."

दि. १५ ऑक्टोबर, बुधवार

बाई दिसल्या नाहीत. दिनकर कामाला जाऊ लागला. जेवत नाही तरी भाकरी परत पाठवत नाही, हे आज समजले. चिमणीला घालतो. म्हणून ती एवढी सुटली आहे.

दि. १७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

गाईवासराची पूजा असते. आमच्याकडे गाय नाही, म्हणून चिमणी व तिची रेडी. संध्याकाळी शालनने ओवाळले.

पाडव्याला गल्लीतल्या म्हशी सजवून पळवतात. शिंगे रंगवायची, गळ्यात कवड्या, डोक्यावर मोरपिसे, आणि पुढे मालकाची मोटारसायकल फट्फट् करत. मागून म्हैस पळत येते. चिमणी आमच्या कोणाच्या गाडीमागे पळत नाही. फक्त दिनकरच्या. हुपरीहून येणाऱ्या त्या गाडीचा आवाज ती दोन गल्ल्या आधी ओळखते.

दिनकर तिची शिंगे काचेने तासत बसला होता. मी जवळ बसलो. तुमच्याकडे कसे असते, असे आज प्रथमच विचारले.

"चांगलं असतंय, आबा. कुणी उपाशी न्हाय. प्रत्येकाला जेवढं पायजे तेवढं मिळतंय. बरोबर तेवढंच."

मग वाईट काय.

"वाईट काय न्हाय," तो म्हणाला, आणि तासत राहिला. थोड्या वेळाने, "पहिल्या दिवशी शालनवहिनींनी वर धार सोडली तवा मी ग्लास मागं घेतला. दूध हातावर पडलं. त्या मला येडा म्हणाल्या. मी खोलीत जाऊन कळवलं, हितं मापात चूक हाय. दुसऱ्या दिवशी परत चूक. वर्षभर मी चूक चूक कळवत हुतो. मग एकदा घरी यायला उशीर झाला, धार संपलेली. वहिनींनी घरातला तांब्या आणून माझं माप घातलं, आणि वर…"

काच पुन्हा शिंगावर फिरवू लागला.

नंतर म्हणाला, "आबा, मला धुतल्यावर चुकून हिकडंच पाठवलं तर? मी तुम्हाला वळखणार न्हाय."

मी म्हटले, खोली रिकामी ठेवीन. भाडे मात्र पहिल्या दिवसापासून घेईन.

तो हसला. त्याच्या छातीत ती घुमघुम वाढल्यासारखी मला वाटली. वाटली असेच लिहितो. कान लावला नव्हता.

दि. १८ ऑक्टोबर, शनिवार

साक्ष लिहायला बसलो. अक्षर चांगले आले. "कारण की" येथपर्यंत येऊन थांबलो. कागद बाजूला ठेवला.

दि. २० ऑक्टोबर, सोमवार. नरकचतुर्दशी

अभ्यंगस्नान करून ओसरीवर बसलो होतो. उटण्याचा वास अंगाला. बाई आल्या. चप्पल आता जुनी दिसू लागली आहे. शालन आत फराळाचे ताट करत होती. बाईंना बसायला सांगितले. बसल्या.

पदराच्या गाठीतून त्यांनी एक वस्तू काढून माझ्यापुढे धरली. चांदीचे एक घुंगरू. सुटे. हरभऱ्याएवढे.

"हे काय आहे?"

मी पाहून सांगितले, घुंगरू आहे, पैंजणाचे.

बाईंची हकीकत, माझ्यासाठी ऐकीव, अशी. त्या हुपरीत गेल्या होत्या. कोणी ओळखत नाही असे एक घर पाहून पैंजणांची जोडी घेतली. कारागिराने काट्यावर तोलली. काटा दिनकरनेच जुळवलेला, परंतु कारागिराला बाई कोण हे ठाऊक नाही आणि दिनकर त्या दिवशी तिकडे नव्हता. तोलणे कणापर्यंत बरोबर. बाईंनी स्वतः ताडून पाहिले. पैसे दिले. पुडी बांधून झाली. आणि मग त्याने डबीतून एक सुटे घुंगरू काढून पुडीवर ठेवले.

"मी त्यांना सांगितले की हे वजनात धरलेले नाही. ते म्हणाले…" बाई थांबल्या. नंतर त्या कारागिराचे शब्द त्यांनी जसेच्या तसे म्हटले, त्याच्याच आवाजात, पुरुषाच्या. मी दचकलो. "'एखादं गळून पडलं तर लावाय हुतंय. ऱ्हाऊ दे की.' मी विचारले, गळून पडले नाही तर? ते म्हणाले, 'मग पोरीला खेळाय हुईल.' मी सांगितले, मला मुलगी नाही. ते म्हणाले, 'ताई, सकाळधरनं पाणी पिलाय का न्हाय?' आणि आतून तांब्या मागवला."

बाई घुंगरू बोटांत फिरवत होत्या. वाजत होते.

"हे मला कोणत्याच रकान्यात लिहिता येत नाही. ते का देतात?"

मी म्हटले, बाई, मला माहीत नाही.

"आपण इतकी वर्षे देत आहात."

होय. वडीलही देत होते. त्यांनाही माहीत होते असे वाटत नाही. मी गल्लीभर विचारले. ज्याला त्याला वाटले माझे डोके फिरले.

बाई म्हणाल्या, "साक्षीत कारण नसेल तर ती अपुरी."

येथे माझा आवाज थोडा चढला. मी सांगितले की पंच जे पाहतो त्याचा साक्षीदार असतो. भिंत पडली हे तो सांगतो, भिंतीच्या मनात काय होते ते नाही. माहीत नसलेले कारण मी लिहिणार नाही. दिनकरसाठीसुद्धा नाही.

आतून शालन ताट घेऊन आली. चकली, करंजी, चिवडा. बाईंपुढे ठेवले, पण आपटून. परवान्याचा राग. बाईंनी करंजी उचलली, हातात तोलली, आणि खाल्ली. "पाडव्याला साक्ष घेते," म्हणाल्या. जाताना घुंगरू परत पदराला बांधले. मला ते ठेवून जातील असे वाटले होते.

दि. २१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. साक्ष लिहून पूर्ण. "कारण की" खोडले.

दिनकरला वाचून दाखवू का असे विचारले. तो म्हणाला, "नको. पढवल्यागत हुईल." माझ्याकडे राहून बऱ्याच गोष्टी शिकला आहे.

दि. २२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

सकाळी म्हशी निघाल्या. चिमणीची शिंगे एक हिरवे, एक गुलाबी. रंग शालनच्या पसंतीचे, मी बोललो नाही. गळ्यात कवड्या, पाठीवर नक्षी. दिनकरने गाडी सुरू केली आणि ती मान वर करून अशी पळाली की रस्ता दणाणला. आमच्यापुढे येऊन त्याने ब्रेक दाबला, ती थांबली, आणि पुढचे दोन्ही पाय उचलून उभी राहिली. हे तिला कोणी शिकवले असे लोकांनी विचारले. दिनकर म्हणाला, "मी न्हाय ओ. मी नुसता बघत हुतो." हे त्याच्या तोंडचे वाक्य मला आज वेगळेच ऐकू आले.

संध्याकाळी कट्ट्यावर बाई आल्या. पिशवी प्रवासाची. हौसाबाईही भाजी आवरून दुधाला आल्या होत्या. मी सर्वांसमक्ष साक्ष वाचली. त्यात दिनकर मूळचा कोठला याविषयी अक्षर नाही, त्यामुळे कोणाला वावगे वाटले नाही. मुख्य मजकूर येथे उतरवतो.

"आमच्याकडे माप पुरे करतात. पुरे झाले हे देणारा व घेणारा दोघेही जाणतात. त्यानंतर देणाऱ्याचा हात थांबत नाही. याचे कारण मी विचारले, कोणास सांगता आले नाही, मलाही नाही. कोजागरीस व त्या सुमारास काही दिवस हात थांबला, तो माझ्या हुकमावरून. त्या दिवसांचे मोजमाप धरू नये. दिनकर याने जे पाहिले ते होते."

हौसाबाई म्हणाल्या, "एवढ्यासाठी कागुद? मला वाटलं घर विकताय." बाईंनी कागद घेतला, दोनदा वाचला, घडी केली. निकाल काय, असे मी विचारले. म्हणाल्या, निकाल वरून येतो. त्या स्वतः काय कळवणार हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. दिनकर चिमणीपाशी उभा होता. तिच्या कवड्या सोडत होता. सुटत नव्हत्या.

मग बाई रांगेत उभ्या राहिल्या.

शालनने आधीच्या सर्वांना माप घातले व वर धार सोडली. बाईंची पाळी आली. ग्लास भरला. फेस बसू दिला. रेघेपर्यंत आणला, आणि सड सोडून हात पदराला पुसला. मुद्दाम. तिला वाटते या बाई दिनकरचे पोट मारायला आल्या आहेत.

"झालं माप, बाई."

"होय," बाई म्हणाल्या. "माप झाले."

पण हात मागे घेतला नाही. ग्लास तसाच पुढे. मागे रांग.  शालनने माझ्याकडे पाहिले. मी कोणतीही खूण केली नाही. हे मी शपथेवर लिहितो.

शालन म्हणाली, "मग आता काय?"

बाईंनी ओठ हलवले. इतकी शुद्ध भाषा येते त्यांना, पण शब्द सापडत नव्हता. शेवटी म्हणाल्या, "थोडं… वर."

शालन बघतच राहिली. मग तिला हसू आले. "आत्ता बोलल्या बाई माणसागत," असे म्हणून तिने बसकण पुढे ओढली आणि धार सोडली. निम्मी ग्लासात, निम्मी बाईंच्या मनगटावर. बाईंनी नळी काढली नाही. उभ्या-उभ्या प्यायल्या. वरच्या ओठाला फेस लागला, ते कोणी सांगितले नाही. स्टँडकडे चालू लागल्या तेव्हा पदराला काहीतरी वाजत होते.

दिनकरने मला विचारले, "आबा, शिंगांचा रंग उद्या काढू का चार दिवस ऱ्हाऊ दे?"

राहू दे, म्हटले. तो राहिला तर काढील. नाही तर मला तो रंग काढता येत नाही, तसाच राहील.

समक्ष हजर :

सौ. शालन, माझी सून, धार काढणारी. सही केली.

श्रीमती हौसाबाई, भाजीविक्रेत्या. सही केली व उभे राहवेना म्हणून खुर्ची माझीच घेतली.

चिमणी, म्हैस. सही करू शकत नाही, परंतु सर्व वेळ हजर.

दिनकर, धंदा तराजू दुरुस्ती. मूळ गाव ऐकीव. राहणार कोल्हापूर, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेले.